चालेल आणि छान

राजगडाच्या पाली दरवाज्याची वाट धरायची तर हे पाली गाव वाटेवरचंच. तालुका वेल्हे, आता सरकारी कागदांवर राजगड. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. खाचरांत इंद्रायणी कापून आडवी पडली होती आणि वरकस जमिनीवरच्या नाचणीची कणसं अंगणात वाळत होती. माझे मामा इथे गडावर जाणाऱ्यांना घरगुती जेवण देतात. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी पुण्यात एका हॉटेलच्या भटारखान्यात काढली. त्यामुळे हॉटेल या विषयावर त्यांच्यापुढे कुणी फार बोलत नाही.

मी बोलतो. चार वर्षांपूर्वी मला सिलिॲकचं निदान झालं. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की माझं स्वतःचंच शरीर माझ्या लहान आतड्याच्या अस्तरावर उठतं. त्यावर गोळी नाही. पथ्य हाच उपाय, तोही जन्मभर. या खेपेला पिशवीत दोन वस्तू होत्या: एक बाटली आणि रक्ततपासणीचा एक रिपोर्ट. बाटली आधी बाहेर काढली.

मामा : हे काय आणलंस?

मी : मीड. मधाची. आपल्या पुण्यातच मूनशाइन मीडरी म्हणून आहे, तिची. मध, पाणी आणि यीस्ट. जवाचा संबंध नाही.

मामा : (स्टीलच्या पेल्यातून घोट घेत) बरी आहे की. पण ही काही बियर नव्हे.

मी : नाहीच. म्हणून तर चांगली लागते.

मामा : कोड्यात बोलू नकोस.

मी : निदान झाल्यावर कंपनीने मला वर्षभर इंग्लंडला पाठवलं. तिथे दुकानात ग्लुटेन-फ्री बियरचा वेगळा कप्पाच असतो. मी हरखलो. पहिली उघडली ती ज्वारीच्या पाकाची होती. पातळ, आंबटगोड, आणि ग्लास तोंडाला लावेपर्यंत फेस गेलेला. बाटलीवर सगळा थाट बियरचा, आत बियरचं सोंग. मग एकदा बाजरीच्या जातीचं धान्य आणि कुट्टू घालून केलेली एक मिळाली. तिची चव जवाच्या बियरसारखी नव्हती. भाजलेल्या धान्याचा वास, मागून हॉप्सचा कडवटपणा. दुसरी मागावीशी वाटली. चार महिन्यांत पहिल्यांदा मी काहीतरी ‘चालतं’ म्हणून न पिता आवडलं म्हणून प्यालो.

मामा : म्हणजे दारू सुटत नाही म्हण की सरळ.

मी : दारूच हवी असती तर व्हिस्की होती. गाळताना ग्लुटेन मागे राहतं, वाफेबरोबर येत नाही. नाशिकची वाईन आहे, गोव्याची काजूची फेणी आहे. चढायला पुष्कळ काही आहे, मामा. मला चार मित्रांबरोबर बसून बियर प्यायची आहे.

मामा : आपल्याकडे माळकरी असतात. मटण नाही, दारू नाही. लग्नात पंगतीत बसतात, वरण-भात खातात, हसतखेळत घरी जातात. त्यांना कधी कुणी बिचारं म्हटलंय? जे आपलं नाही त्याच्याकडे बघत बसलं की माणूस बिचारा होतो.

मी : माळ त्यांनी आपणहून घातली. माझ्या गळ्यात ती डॉक्टरांनी घातली.

मामा : (थोडं थांबून) हे बरं बोललास. पण मला एक सांग, हे ग्लुटेन म्हणजे नेमकं काय? तुझी आई फोनवर सांगते आणि मी हो हो म्हणतो.

मी : कणकेचा गोळा नळाखाली धरून मळत राहा. पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखं काहीतरी चिवट उरतं. ते ग्लुटेन. पोळी फाटत नाही, पाव फुगतो, ती त्याचीच करामत. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ते नसतं, म्हणून भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते.

मामा : आणि ते पोटात गेलं की आतडं सुजतं.

मी : आतड्याच्या अस्तरावर मखमलीसारखी लव असते. अन्नातलं लोह, कॅल्शियम तीच टिपून घेते. ती लव झडते. माझं पोट फारसं कधी दुखलंच नाही. मी नुसता थकायचो. रक्त वाढावं म्हणून तीन वर्षं लोहाच्या गोळ्या खाल्ल्या आणि वाढलं काहीच नाही. गोळी पोटात जात होती, अंगात शिरत नव्हती.

मामा : आमच्या लहानपणी नव्हतं हे.

मी : असणार, नाव नव्हतं. आणि तुमच्या लहानपणी इथे रोज गहू कोण खात होतं? पोळी सणाला. ज्या भागात गहू जास्त, त्या उत्तर भारतात हा आजार जास्त सापडतो. दक्षिणेत फार कमी. गव्हाचा संबंध लागला तोही तसाच. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. बाकीची मुलं वाळत होती तेव्हा ही दुखणाईत मुलं सुधारत होती. पुढे पाव परत आला, दुखणंही परत आलं. १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. त्याआधी अमेरिकेत अशा मुलांना केळ्यांवर ठेवायचे.

मामा : मग तुझं औषध तर या अंगणात पडलंय. नाचणी घे, तांदूळ घे, मामीच्या हातची भाकरी खा. पुण्यात हॉटेलात जाऊन पाच जणांना पाच प्रश्न विचारायचे, त्यांचं डोकं उठवायचं, स्वतःचं उठवून घ्यायचं. कशाला? भटारखाना तू बाहेरून बघितलायस, मी आतून.

मी : मग आतून सांगा.

मामा : शनिवारी रात्री आठ ते साडेदहा. ओट्यावर सहा माणसं, समोर चाळीस ऑर्डरी. एका कढईत समोसा, भजी, साबुदाणावडा, जे येईल ते. तंदूरमध्ये रोटी, त्याच तंदूरमध्ये पनीर. चायनीजच्या वोकमध्ये सोया सॉस. मासे तळायचे तर रव्यात घोळवायचे. आणि वेटर येऊन ओरडतो, ‘टेबल नऊ, गहू नको!’ वस्ताद मान हलवतो. मान हलवली म्हणजे ऐकलं असं नाही. त्या वेळी तो कशालाही मान हलवतो.

मी : सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?

मामा : आत्ता तुझ्याकडून कळतंय. तेच तर म्हणतो. ज्याला माहीत नाही तो ‘चालेल’ म्हणतो, कारण गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सवय नाही. म्हणून म्हणतो, जाऊच नकोस.

मी : इंग्लंडात माहीत असणं कायद्याने बंधनकारक आहे. २०१४च्या अखेरीपासून चौदा ॲलर्जन ठरवून दिलेत. कुठल्या पदार्थात त्यांतलं काय आहे ते हॉटेलने सांगायलाच हवं. विचारलं की मुलगी आतून एक फाइल घेऊन यायची, पदार्थागणिक रकाने. आपल्याकडेही २०२२पासून मोठ्या साखळी हॉटेलांना मेन्यूवर ॲलर्जन दाखवावे लागतात, दहा किंवा जास्त शाखा असल्या तर.

मामा : म्हणजे पिझ्झावाल्याला नियम, आणि मिसळवाल्याला नाही.

मी : हो. आणि मला मिसळ खायची आहे.

मामा : (हसत) मिसळीत पाव सोडला तरी फरसाणात मैद्याच्या पुऱ्या निघतात.

मी : नुसती बेसनाची शेव मागतो. देतात. नसेल देत तर चहा पिऊन उठतो. मामा, तुम्ही म्हणता जाऊ नकोस. इंग्लंडहून परतल्यावर वर्षभर नाही गेलो. ऑफिसातले जेवायला निघाले की मला आठवायचं, डबा आणलाय. वाढदिवस, निरोप, कुणाची बढती, सगळीकडे माझा डबा. काही दिवसांनी लोक विचारायचे थांबले. त्यांचा दोष नाही. रोज नाही म्हणणाऱ्याला कोण बोलावणार? आतडं बरं होत होतं आणि मी एकटा पडत होतो.

मामा काही बोलले नाहीत. तेवढ्यात मामी ओलं फडकं घेऊन बाहेर आली. फडक्यात भिजवलेली नाचणी होती. तिने गाठ मारून ती खुंटीला अडकवली. लेकीच्या बाळासाठी सत्त्व करायचं होतं.

मी : मामा, ही खुंटीला लटकलीय ना, ती अर्धी बियर आहे.

मामी : अगं बाई! काय म्हणतो हा?

मी : खरंच. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वेळेवर वाळवून मोड थांबवायचे, दळायचं. बियरवाले जवाचं नेमकं हेच करतात. त्याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि ते पिठूळपणाची साखर करतात. म्हणून सत्त्व गोड लागतं आणि बाळाला पचतं. पुढे ते पीठ गरम पाण्यात भिजवून त्या गोड पाण्यात यीस्ट सोडलं की बियर. भरड धान्यांत माल्टसाठी नाचणी फार चांगली समजली जाते. सिक्कीममध्ये तोंगबा म्हणून पितात, ती हीच नाचणी आंबवून. बांबूच्या नळकांड्यात नाचणी, वरून गरम पाणी, आणि नळीने ओढायचं.

मामा : म्हणजे तुझी मामी आयुष्यभर गुत्त्याच्या अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन परत येतेय.

मामी : उरलेल्या वाटेने तुम्ही जा. मला भाकऱ्या टाकायच्यात.

मामा : पण मग पुण्यात नाचणीची, ज्वारीची बियर मिळते म्हणतात. ते तुझं काम झालं की.

मी : तिथेच फसायला होतं. पाटीवर नाव ज्वारीचं असतं, पोटात बहुतेक वेळा जवाचं माल्ट आणि त्यात थोडी ज्वारी. जवाला टरफल असतं, त्याचाच गाळणीसारखा थर बसतो आणि रस स्वच्छ उतरतो. ज्वारी-बाजरीला ते जमत नाही. शिवाय त्यांचा पिठूळपणा फुटायला जास्त आच लागते, आणि तेवढ्या आचेला एन्झाइम मरतात. म्हणून आधी शिजवायचं, निववायचं, मग एन्झाइम. खटाटोप आहे. त्यापेक्षा जव घालणं सोपं. म्हणून मी एकच प्रश्न विचारतो: नुसती ज्वारी, की जवात ज्वारी?

मामा : उत्तर काय येतं?

मी : बहुतेक वेळा, ‘सर, थांबा, आत विचारून येतो.’ हे उत्तर मला आवडतं. आणखी एक प्रकार आहे. बियर जवाचीच करायची आणि एन्झाइम घालून ग्लुटेनचे तुकडे पाडायचे. बार्सिलोनाची डाउरा अशी आहे, २००६पासून. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असलं की युरोपात बाटलीवर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिता येतं. आपल्याकडेही खाद्यपदार्थांना मर्यादा तीच. अमेरिकेत मात्र जवाच्या बियरला तसं लिहू देत नाहीत. त्यांचं म्हणणं, आंबवलेल्या पेयात तुकडे झालेलं ग्लुटेन खात्रीने मोजताच येत नाही.

मामा : तू प्यालास?

मी : एकदा. चव म्हणाल तर एक नंबर. बियरच ती, लागणारच. पण दुसऱ्या घोटापासून मी पोटाकडे कान लावून बसलो. चव जिभेवर होती, लक्ष आतड्यात. पुन्हा नाही घेतली.

मामा : बघ! म्हणजे मी म्हणतो तेच. आधी ‘चालेल’ पक्कं हवं. ‘छान’ मागाहून.

मी : आणि मी म्हणतो, नुसत्या ‘चालेल’वर माणूस जगतो, जेवत नाही. चार वर्षं मला सगळे एकच विचारतात, ‘हे चालेल का तुला?’ कसं लागलं, असं कुणी विचारत नाही. ग्लुटेन-फ्री पाव म्हणून जो मिळतो तो भुशासारखा; त्याला पाव व्हायचंय आणि होता येत नाही. ग्लुटेन-फ्री बिस्किटं, ग्लुटेन-फ्री नूडल्स, सगळी गव्हाची नक्कल. आणि तुमची नाचणीची भाकरी कुणाचीच नक्कल नाही. ती भाकरीच आहे. उकडीचा मोदक, घावन, आंबोळी, सांदण, यांतल्या कशालाच गहू व्हायचं नाही. बियरचंही तसंच. जी जवाची बरोबरी करायला गेली ती फसली, जी आपल्या धान्याची होऊन राहिली ती चांगली.

मामा : मग हॉटेलात जाऊन भाकरीच मागायची की.

मी : मागितली होती. दोन महिन्यांपूर्वी, हायवेवर. फलक ‘अस्सल चुलीवरची ज्वारीची भाकरी’. विचारलं, गहू नाही ना? ‘नाही साहेब, प्युअर ज्वारी.’ भाकरी आली, गोल, गुळगुळीत, काठाला एक चीर नाही. तुकडा मोडायला गेलो, तर मोडला नाही. ताणला गेला.

मामा एकदम गप्प झाले. पेला खाली ठेवला.

मामा : मूठभर कणीक.

मी : काय?

मामा : ज्वारीच्या पिठात मूठभर कणीक घालतात. नवीन पोऱ्या असला की भाकरी थापता थापता फाटते, काठ चिरतात, तव्यावर टाकताना मोडते. कणीक घातली की लाटतासुद्धा येते. आम्ही घालायचो. मी घालायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, वा, काय मऊ भाकरी! फसवायचं मनात नव्हतं रे. भाकरी नीट व्हावी एवढंच.

मी : तो वेटरही खोटं बोलत नसणार. त्याला मूठ माहीत नसेल.

मामा : किती लागतं तुला त्रास व्हायला?

मी : दिवसाला दहा मिलिग्रॅमच्या आत राहावं असं सांगतात. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन. म्हणजे एका ग्रॅमचा दहावा भाग पीठ झालं की कोटा संपला. पोळपाटावर भुरभुरवतात तेवढंसुद्धा नाही.

मामा : म्हणजे परात वेगळी, तवा वेगळा, कढई वेगळी. हे तर सोवळं झालं. आमच्या घरात कधी कुणी सोवळं पाळलं नाही, आता तुझ्या आतड्यासाठी पाळायचं?

मी : मटणाचा टोप वेगळा ठेवता ना? देवाच्या नैवेद्याला तो घेता का? हे तसंच धरा. यात कुणी उच्च नाही, नीच नाही. गहू एका बाजूला, मी एका बाजूला.

मामा : बरं. आता तो कागद दाखव.

मी : कुठला?

मामा : मघापासून पिशवीकडे बघतोयस. बाटली तर बाहेर आली.

रिपोर्ट काढला. टीटीजी नावाची तपासणी असते. ग्लुटेनमुळे रक्तात वाढणारी प्रतिद्रव्यं ती मोजते. पहिल्या दोन वर्षांत माझा आकडा झरझर उतरला होता. गेलं वर्षभर तो एका जागी अडून होता, मर्यादेच्या वर.

मी : याचा अर्थ कुठूनतरी अजून गहू पोटात जातोय. हॉटेलं असतीलच. डॉक्टर म्हणाले, नेमाने जिथे जेवता त्या जागा बघा. घर बघितलं. हॉटेलांची यादी केली.

मामा : आणि महिन्यातून दोनदा इथे जेवतोस.

मी : हो.

मामा : हॉटेलवाल्याला पाच प्रश्न विचारतोस. मामीला आजवर किती विचारलेस?

मी काही बोललो नाही, कारण उत्तर शून्य होतं. वेटरला विचारायला मला संकोच वाटत नाही. तो माझा कोणी नाही. पण जी बाई माझ्यासाठी गिरणीवाल्याला सांगून सकाळी पहिलं दळण तांदळाचं घालते, त्याआधी जात्यातला जुना गहू निघून जावा म्हणून पायलीभर तांदूळ वाया घालवते, तिला कसं विचारायचं की मामी, तुझ्या आमटीत काय आहे?

मामा उठले, आत गेले आणि मांडणीवरून हिंगाची डबी घेऊन आले. चष्मा कपाळावर होता, तो खाली ओढला आणि डबी उजेडाकडे धरली. अक्षर मुंगीएवढं. ‘खाण्याचा डिंक’, त्यांनी वाचलं, ‘गव्हाचं पीठ’, आणि मग ‘हिंग’.

मामा : बावीस वर्षं मी हिंग पातेल्यात टाकला. डबी वाचली नाही.

मी : बांधणीचा हिंग असाच असतो. नुसता हिंग फार उग्र, म्हणून पिठात बांधतात. खडा हिंग घेतला तर प्रश्न नाही, तांदळाच्या पिठातलाही मिळतो. आणि चिमटीभर हिंगाने एका वाटीत फार काही येत नाही. एकट्या त्याने आकडा अडला असं मी म्हणणार नाही.

मामी : (दारातून) आणि कुरडया? त्या तळून मग त्याच तेलात तुझे नाचणीचे पापड तळते मी.

मी : कुरडई गव्हाच्या चिकाची.

मामी : आणि परात एकच. सकाळी पाहुण्यांची कणीक, मग धुऊन तुझी भाकरी. कडेच्या घडीत पीठ राहतं, मला माहीत आहे. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. मला वाटलं, तुझ्या भाकरीचं पीठ चोख असलं की झालं.

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ते ऐकायला जास्त जड होतं.

मामा : म्हणजे आपण दोघंही चुकलो. मी म्हणत होतो, घरचं ते सुरक्षित. ते खोटं निघालं. तू म्हणत होतास, विचारून खाल्लं की कुठेही जाता येतं. तू तर जवळच्या माणसाला विचारत नाहीस.

मी : मग आता? तुमच्याकडे पुण्याहून लोक येतात. त्यांत माझ्यासारखे असतीलच. बाहेर एक पाटी लावा, ‘ग्लुटेन-फ्री जेवण मिळेल’. राजगडच्या पायथ्याशी दुसऱ्या कुणाकडे नसेल. इंद्रायणीचा भात, नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. यांत गहू आहेच कुठे? नुसती परात, तवा आणि हिंग बदला.

मामा : पाटी नाही लावणार.

मी : का?

मामा : पाटी रोज खरी असावी लागते. रविवारी चाळीस जणांचा ग्रुप गडावरून उतरतो, सगळ्यांना एकाच वेळी भूक. तेव्हा कुणी कुठला चमचा कुठे घातला, हे मी बघू शकत नाही. त्या दिवशी कुणी पाटी वाचून आला तर मी त्याला काय घालू? मूठभर कणकेची भाकरी? हायवेवरच्या त्या माणसाने पाटीच लावली होती.

मी : म्हणजे पुन्हा तेच. ‘नाही.’

मामा : पुरतं ऐक. पाटी नाही, फोन. आदल्या दिवशी फोन करायचा, आणि रविवार सोडून. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी हो म्हणेन, नाही जमलं तर नाही. माझ्या ‘नाही’वर विश्वास बसला तरच ‘हो’वर बसेल. आणि तूही बाहेर जा, माझी ना नाही. पण गर्दीच्या वेळी जाऊ नकोस. दुपारी साडेतीनला जा, तेव्हा वस्ताद बिडी ओढत बसलेला असतो. वेटरला सोड, त्याच्याशी बोल. पथ्य आहे असं सांगू नको, ते त्याने हजारदा ऐकलंय. त्याला विचार, भाकरीत कणकेची मूठ घालता का? कढई एकच का? हिंग कुठला? काम कळणारा माणूस कामाचं विचारलं की खरं बोलतो.

मी : आणि उपवासाचं?

मामा : ते उत्तम. वऱ्याचे तांदूळ, राजगिरा, शिंगाडा. उपवासाच्या भांड्यांना लोक जपतात. तुझ्या आजारापेक्षा एकादशीचा धाक मोठा. फक्त साबुदाणावड्याची कढई बघून घे.

मी : पण मामा, मला रविवारीही जेवायचं असतं. चारचौघं रविवारीच भेटतात.

मामा : ते मला सुटत नाही. ते तुझ्या त्या कायद्याने सुटेल कधीतरी, माझ्याने नाही.

इथे आमचं जमलं नाही, आणि अजूनही जमलेलं नाही. बाहेर खाण्याचा हक्क माझा आहे असं मला वाटतं. तो निभावण्याचा भार चुलीपुढच्या एकट्या माणसावर टाकता येत नाही, असं त्यांना वाटतं. मधली जागा कुणीतरी भरायला हवी.

आत मामीने माळ्यावरून एक जुनी परात काढली. लाकडी, कुणाच्यातरी लग्नातली, कित्येक वर्षांत कणीक न पाहिलेली. लाकडाच्या भेगांत पीठ राहतं हे सांगायला मी तोंड उघडलं. या खेपेला सांगितलं. तिने मान डोलावली, ती परात परत माळ्यावर ठेवली आणि मामांना वेल्ह्याच्या बाजारातून नवी स्टीलची आणायला सांगितली. तोवर केळीचं पान अंथरलं, त्यावर तांदळाच्या पिठाची उकड मळली आणि त्यावरच भाकरी थापली. पानाच्या शिरा भाकरीवर उठल्या. काठ दोन ठिकाणी चिरले. मला ते चिरलेले काठ फार बरे वाटले.

आमटीला हिंग पडला नाही. लसूण आणि जिऱ्याची फोडणी बसली. पापड भाजले. आम्ही दोघं ओटीवर बसलो, मीडचा उरलेला पेला मामांच्या हातात. मी पहिला घास घेतला, आमटीची वाटी तोंडाला लावली. मामा बघत होते. चाललं का, असं ते विचारणार असं मला वाटलं.

मामा : कशी झालीय?

मी : मीठ कमी आहे.

मामा : अगं ए, मीठ आण! गिऱ्हाईक तक्रार करतंय.